शेषरावने दिलेली खिडकी

बोटीतल्या खिडकीची गोष्ट मी पुंडलिकच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती, की चहा बशीत ओतता ओतता तो "वहिनी, आमी रशियाले गेलो तवा..." म्हणाला, की मी मेथीची जुडी पुढ्यात ओढायची. गोष्ट संपेपर्यंत भाजी निवडून व्हायची. वयाने तो माझ्या धाकट्या दिराएवढा, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायची. आमची क्वार्टरं एका ओळीत, खुर्सीपारकडच्या टोकाला. वाळत घातलेल्या धोतरावर प्लांटची लाल धूळ बसायची, तिथे.

त्या गोष्टीत एक थोर माणूस होता. त्याचं नाव शेषराव. पुंडलिकच्या लेखी एवढ्या मोठ्या मनाचा माणूस अख्ख्या भिलाईत दुसरा नव्हता. मला शेषराव पहिल्यापासून आवडत नसे. फार गोड बोलायचा. पण माझ्या आवडीनिवडीला कोण विचारतं!

पुंडलिक डोंगरगडचा, रेल्वेच्या चाळीत वाढलेला. वडील रामाजी स्टेशनवर पॉइंट्समन होते. गाडी आली की हिरवी झेंडी घेऊन खाली उभं राहायचं आणि हात वर करायचा, यात त्यांचा जन्म गेला. इंजिनातला ड्रायव्हर वरून पुढे निघून जायचा, खाली बघायचाही नाही. पोरगं हे बघत मोठं झालं आणि त्याने मनाशी ठरवून टाकलं की काही झालं तरी आपण वर बसायचं, खाली उभं राहून कोणाला हात दाखवायचा नाही.

इंजिन काही त्याच्या नशिबी आलं नाही. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहायला लागला तेव्हा तो खलासी म्हणून लागला. क्रेनला माल बांधायचा आणि खालून हाताने इशारा द्यायचा, हे खलाशाचं काम. म्हणजे पुन्हा बापाचीच गत. पण इथे त्याने छपराखालची ती मोठी क्रेन पाहिली. भिंतीएवढ्या उंचीवर रुळांवरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायची, आणि तिच्या एका अंगाला काचेची केबिन. आत एकच माणूस. पुंडलिक म्हणायचा, "वहिनी, ते पायलं आन् मले वाटलं, हेच आपलं इंजिन."

अठ्ठावन्न साली क्रेन चालवायला शिकण्यासाठी काही लोकांना रशियात पाठवायचं ठरलं, त्यात पुंडलिकचं नाव आलं. शेषरावचंही आलं. दोघं एकाच चाळीतले, लहानपणापासूनचे दोस्त. मात्र निघतानाच साहेबाने सांगून ठेवलं होतं की या दोघांत क्रेनची जागा एकच आहे. तिथला उस्ताद दोघांना शिडीवरून वर चढवील, उंचीवर कोणाचं डोकं ठिकाणावर राहतं ते बघेल आणि एकाला निवडील. उरलेल्याने खलाशाचंच काम पक्कं शिकून यायचं. पुंडलिकला याची फिकीर नव्हती. उंचीवर तो माकडासारखा चढायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. शेषरावलाही माहीत होतं.

विमानाची सोय मोठ्या साहेबांना. यांना मुंबईहून बोट. बोटीच्या ऑफिसात बाकीच्यांच्या जागा आधीच ठरल्या होत्या, या दोघांच्याच राहिल्या होत्या. तिथल्या बाबूने टेबलावर बोटीचा नकाशा पसरला आणि म्हणाला, दोन केबिनींत एक-एक जागा शिल्लक आहे, तुमचं तुम्ही ठरवा. एक केबिन वरच्या मजल्यावर, अगदी नाकाशी, गोल खिडकीची. दुसरी खाली पोटात, बरोब्बर मध्यावर, मशीनच्या शेजारी. तिला खिडकी नाही, उजेडही दिव्याचाच.

आता रेल्वेवाल्यांच्या घरात जागा निवडण्याचं एक शास्त्र असतं. पासावर फिरून फिरून ते पोरासोरांनाही पाठ असतं. वरचा बर्थ पकडायचा, कारण खाली कोणीही येऊन पायाशी बसतं. खिडकी पकडायची. आणि इंजिनाजवळच्या डब्यात बसायचं नाही, डोळ्यांत कोळशाचे कण जातात. पुंडलिकने नकाशावर बोट ठेवून हिशेब केला. बोटीचं धुराडं मागे, मग पुढे कोळसा येणार नाही. जागा वरची. शिवाय खिडकी. याहून चांगलं काय असणार? रुळांवर वाढलेला माणूस पाण्याचा विचार रुळांवरूनच करणार.

तरी त्याने शेषरावला विचारलं. कारण शेषरावला बोटी माहीत होत्या. विशाखापट्टणमचं बंदर तेव्हा रेल्वेकडे होतं, शेषरावच्या वडिलांची तिकडे बदली झाली होती, आणि शेषराव स्वतः काही वर्षं बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टग बोटीवर कामाला होता. पुंडलिक म्हणाला, "तू बोटीवर राहेल हायस. कोनती घेऊ, तू सांग."

शेषरावने नकाशा बघितला. बराच वेळ बघितला, असं पुंडलिकच सांगायचा. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू वरचीच घे बाप्पा. तुले खिडकी आवडते. मी पडून राहीन खाली अंधारात. मले सवय हाय."

इथे गोष्ट सांगता सांगता पुंडलिकचे डोळे भरून यायचे. "मशीनचा आवाज, उजेड नाई, हवा नाई. तरी त्यानं सोताहून घेतली वहिनी. सख्खा भाऊ नाई करत एवढं."

पावसाळी समुद्र होता. मुंबई मागे पडली आणि बोट नाकावर उठायला आणि आदळायला लागली. त्याच नाकाशी पुंडलिकची केबिन. लाटांचं पाणी आत येऊ नये म्हणून ती गोल खिडकी पहिल्याच दिवशी बोटीवरच्या माणसाने पेचाने आवळून बंद केली. पुंडलिकच्या पोटात पाणी ठरेना. बाकीची मंडळी एक-दोन दिवसांत उठून जेवायला लागली, हा पडूनच. शेषराव रोज वर यायचा, त्याला लिंबू चाटवायचा, पाठ चोळून द्यायचा, बादली धुऊन आणायचा. पुंडलिक तेही सांगायचा, आणि सांगताना हात जोडायचा.

किनाऱ्याला लागले तेव्हा पुंडलिकचे गाल आत गेले होते आणि जमीन पायाखाली हलतच होती. कारखान्यात पोचल्यावर लगेच परीक्षा. शेषराव शिडी चढून वर गेला, केबिनमध्ये बसला, खाली उतरला. पुंडलिक शिडीच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथेच शिडीला मिठी मारून बसला. दोन माणसांनी त्याला उतरवून घेतलं. उस्तादाने मान हलवली, झालं.

परत आले तेव्हा शेषराव क्रेन ऑपरेटर होता आणि पुंडलिक खलासी. जो हात वर करायचा नाही म्हणून एवढा आटापिटा, तोच हात वर करून हा त्याच क्रेनखाली उभा राहायला लागला. पण तक्रार म्हणून नाही. क्वार्टरं मिळाली तेव्हा पुंडलिकचा नंबर सिविक सेंटरच्या चांगल्या बाजूला लागला होता, शेषरावचा आमच्या धुळीत. पुंडलिकने बदलून दिला. त्याची बायको पंचफुला चिडून आठ दिवस नीट बोलली नव्हती. "घर देऊन टाकलं, आता मलेबी देऊन टाका कोनाले!" म्हणाली. त्याचं उत्तर ठरलेलं, "त्यानं मले खिडकी देल्ली होती."

आमचे हे, मारोतराव, त्याच शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्याच विभागात, फिटर. ते सांगायचे, की क्रेनवाला खालच्या दहा जणांचं ऐकत नाही, एकाच हाताकडे बघतो, आणि शेषराव-पुंडलिकसारखी जोडी शॉपमध्ये नाही. पुंडलिक माल बांधून इशारा द्यायचा आणि लोंबत्या लोखंडाखालीच उभा राहायचा. वर बघायचासुद्धा नाही. फोरमन ओरडून ओरडून थकला. पुंडलिक हसून म्हणायचा, "वर शेषराव हाय साहेब. मले कायची भीती?"

अशी काही वर्षं गेली. मग शेषरावचा मेहुणा, त्याची बायको कलावती हिचा सख्खा भाऊ देवीदास, त्याचाही नंबर रशियाला लागला. तोही बोटीनेच निघाला होता. आमच्या लोकांत पद्धत अशी की कोणी निघालं की जेवण घालायचं, आणि आधी जाऊन आलेल्यांनी चार गोष्टी सांगायच्या. जेवण शेषरावच्या घरी, म्हणजे खरं तर पुंडलिकच्याच क्वार्टरात. वडा-कढीचा बेत. आम्ही सगळे गेलो होतो. वाढायला मी आणि पंचफुला.

कोणी देवीदासला सांगत होतं लोकरी मोजे घे, कोणी सांगत होतं लोणचं घे. शेषराव पाटावर ऐसपैस बसला होता. तोंडात वडा, आणि उपदेशाला ऊत आलेला.

"हे पाय देवीदास," तो म्हणाला, "मुंबईले बाबू नकाशा दाखवीन. खालची केबिन घे, मधातली. खिडकी नसली तरी चालते. वरची समोरची चुकूनबी घेऊ नको. तिथला मानूस उखळातल्या मुसळावानी वर-खाली होते. आतडे तोंडात येतेत."

सगळे हसले. देवीदासने विचारलं, "तुमाले तिथं गेल्यावर समजलं का भाऊजी?"

"गेल्यावर कायचं? टगवर होतो तवापासून माहीत हाय मले. तिकडच्या बारक्या पोट्ट्यालेबी माहीत असते."

बोलून गेला. माणसाला उपकारकर्ता म्हणवून घ्यायची सवय झाली की तो निर्धास्त होतो, काय केलं होतं तेही विसरतो. समोरच पुंडलिक बसला होता, कढीची वाटी तोंडाशी नेलेली. मी पातेलं घेऊन त्याच्या बाजूलाच उभी होते. त्याने वाटी खाली ठेवली. सांडली नाही, नीट ठेवली.

"तुले तवाबी माहीत होतं, शेषराव?"

कलावती पुढे झाली, "जाऊ द्या ना पुंडलिकभाऊ. जुन्या गोष्टी कायले काढता? पोरगं परदेशी निघून राहिलं."

"मी त्याले इचारून राहिलो," पुंडलिक म्हणाला.

शेषरावने पत्रावळीकडे बघितलं. नाही म्हणाला असता तरी पुंडलिकने विश्वास ठेवला असता, असा तो माणूस. पण शेषरावला तेवढंही सुचलं नाही. म्हणाला, "एकच जागा होती ना रे."

"मले मागतली असती तं मी देल्ली असती."

मला विचाराल तर दिली नसती, आणि देऊही नये. बापाच्या झेंडीपासून जी जागा डोळ्यांपुढे होती ती कोणी देतं का? पण निदान भांडण तरी सरळ झालं असतं, तोंडावर. याने तर केसाने गळा कापला, आणि वर इतकी वर्षं त्या कापलेल्या गळ्याकडून आरती करून घेतली. माझा इतका संताप झाला की हातातलं पातेलं त्या शेषरावच्या डोक्यावर उपडं करावंसं वाटलं. केलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

पुंडलिक हात धुऊन उठला. घरी जाताना आम्ही चौघं सोबतच होतो. पंचफुला क्वार्टरावरून काही बोलेल म्हणून मी धसकले होते, पण ती नुसती त्याच्या बाजूने चालत राहिली. वळणावर पुंडलिकच बोलला.

"वहिनी, त्यानं मले लिंबू चारलं व. रोज. पाठ चोळून द्याचा. मायेनं चोळून द्याचा." मग म्हणाला, "दिवसभर खालची खाट त्याची मोकळी राहे. एक दिवस खाली येऊन पड मनाले काय झालं होतं त्याले?"

क्रेन गेली याचं त्याने तेव्हाच पचवलं होतं. आता गेली होती ती खिडकी. इतकी वर्षं तिच्या उजेडात तो सुखात होता, आणि ती खिडकी कधी नव्हतीच. रस्त्यात माणूस रडला. आमचे मारोतराव भलतीकडे बघत राहिले.

आता पुंडलिक चहाला येतो, बशीत ओततो, पितो. मी सवयीने मेथी पुढ्यात घेते. "रशियाले गेलो तवा" तो म्हणत नाही, मीही काढत नाही.

नोकरी तीच, शॉप तोच, क्रेनही तीच. मारोतराव सांगतात, त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवसापासून पुंडलिक माल बांधतो, हात वर करून इशारा देतो, आणि लोखंड जमिनीवरून उचललं जाताच खांबाच्या आड जाऊन उभा राहतो. माल उतरेपर्यंत नजर वर, त्या काचेच्या केबिनवर. एवढी वर्षं ओरडणारा फोरमन खूश झाला. सगळ्यांदेखत पाठ थोपटून म्हणाला, "शाबास पुंडलिक. आखिर अकल आ गयी तुमको."

पुंडलिक म्हणाला, "हां साब. उपर कौन बैठा है, अब मालूम पडा."