कोर्टाच्या तुकड्या पाडणारे मास्तर

जिल्हा कोर्टाला जादा न्यायाधीश मिळाले ते सरकारमुळे नव्हे, तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांमुळे, असं भाईंदर पश्चिमेतली आमची सोसायटी आजही छातीठोकपणे सांगते. ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, मूळचे तारोडी गावचे. तिथल्या घरामागून विहिरीकडे जाणाऱ्या पायवाटेवर धाकट्या भावाने कुंपण घातलं, म्हणून त्यांनी दावा लावला. दावा अकरा वर्षं चालला. चालला असं आपलं म्हणायचं. खरं तर तो बसूनच होता. न्यायाधीश एकच आणि खटल्यांचा ढीग. तारीख मिळायची ती पुढची तारीख घेण्यापुरती.

तारखेच्या दिवशी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून एसटी स्टँडवर जात. भाऊ तिथे आधीच हजर. दोघे एकाच सीटवर बसून एकमेकांविरुद्ध लढायला निघत. दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात भाऊ सुक्या बोंबलाची चटणी काढी, मास्तर भाकरी. वकिलांनी एकदा हटकलं, "अहो, तो प्रतिवादी आहे!"

"भांडण वाटेचं आहे, साहेब. जेवणाचं नाही," मास्तर म्हणाले.

त्यांचा राग होता तो गर्दीवर. "वर्गात पोरं वाढली की आम्ही तुकड्या पाडायचो. अ, ब, क. प्रत्येक तुकडीला एक मास्तर! इथे एकट्या साहेबांनी कुणाकुणाची वही तपासायची?" हे ते मंत्रालयाला दरमहा लिहीत, समास सोडून. अर्जावर सह्या घ्यायला दारोदार फिरत. खालचा गुजराती दुकानदार म्हणाला, "मारो तो कोई केस नथी." मास्तर म्हणाले, "होगा, होगा! अभी से जगह बनाके रखो."

आणि एके वर्षी खरंच नवे न्यायाधीश आले. मास्तरांनी जिन्यात पेढे वाटले. त्यांचा दावा एका तरुण बाईंपुढे गेला. बाईंनी कागद वाचले, दोघांचं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या तारखेला निकाल दिला: वाट दोघांची, कुंपण काढा.

त्या दिवशी मीही सोबत होतो. मास्तर हसत बाहेर आले. भाऊ मात्र पायरीवरच बसून राहिला.

"कुंपन उद्याच काढतो, दादा," तो म्हणाला. "पन आता तारीख न्हाय. मग भेटायचं कवा?"

अख्ख्या मंत्रालयाला उपाय सुचवणारे मास्तर परत पायरीपाशी आले. मग ते त्याच्या शेजारी टेकले, खिशातलं पेन काढलं, त्याचा हात हातात घेतला आणि तळव्यावर वळणदार अक्षरात लिहिलं: रविवार.