शहाऐंशी मार्कांचे पेढे

पेढ्यांचा बॉक्स साहेबांनी माझ्याच हातात दिला.

"सगळ्यांना वाट. आमच्या स्वातीला स्टॅटिस्टिक्समध्ये शहाऐंशी मिळाले. तूही एक घे."

इथे आखातात, हमरिया फ्री झोनमध्ये आमचं गोदाम. मी तिथे मालाची नोंद ठेवायचो. बॉक्स घेऊन टेबलाटेबलापाशी फिरलो. लोक पेढा उचलत होते आणि साहेबांकडे बघून हसत होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

ते शहाऐंशी मार्क माझे होते.

शेवटी फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या दत्ताकडे गेलो. संगमेश्वरचा दत्ता, कामगारांच्या कॅम्पात माझ्याच खोलीत राहणारा. त्यानंही स्वातीच्याच कॉलेजात नाव घातलं होतं. परदेशातलं कॉलेज. शिकवणं इंटरनेटवर, परीक्षाही इंटरनेटवर, घरबसल्या. दत्तानं ती सायबर कॅफेत बसून दिली होती. एकट्यानं.

"शहाऐंशी?" तो पेढा हातात धरून म्हणाला. "हुशार आहे पोरगी. मला एक्कावन्न. आपलं डोकं फोर्कलिफ्टपुरतंच बघ."

मी बॉक्स खाली ठेवला. माझा पेढा खाल्ला. लिहायला लाज वाटते, पण तो घशाखाली उतरला.

हे सुरू कसं झालं ते सांगतो. मी बीएस्सी, स्टॅटिस्टिक्स घेऊन, तालुक्याच्या कॉलेजातून. आईबाप रोजंदारीवर. घरातली पहिली डिग्री, आणि त्या डिग्रीवर मी इथे खोकी मोजतो. एक दिवस साहेब म्हणाले, "शुक्रवारी घरी ये. आपला माणूस आहेस तू." मी शर्टाला इस्त्री केली. घरचं जेवण मिळेल म्हणून सकाळी काही खाल्लं नाही.

अल मनखूलमधल्या त्यांच्या फ्लॅटवर मला मोलकरणीच्या खोलीत बसवलं. कॉम्प्युटर तिथे आणून ठेवला होता, स्वातीचा पेपर मी द्यावा म्हणून. इंटरनेट फोनच्या लाइनवर चालायचं, म्हणून दोन तास कुणी फोन उचलायचा नाही अशी घरात ताकीद. जेवण नाही. चहा आला, कागदी कपात. स्वाती दारातून डोकावली आणि वडिलांना म्हणाली, "ही इज स्लो, बाबा, बट ही गेट्स इट राइट."

माझ्या देखत. मला इंग्रजी कळत नाही असं समजून. आणि तिच्या इंग्रजीतल्या पेपरची उत्तरं मी लिहीत होतो.

तरी लिहिली. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी खोक्यांपलीकडचं काही विचारलं होतं. गुलामी अशीच गोड लागते.

पेढ्यांनंतर दोन महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं. तीच खोली. पेपर उघडण्याआधी स्क्रीनवर चार ओळी आल्या. नाव दिलेला विद्यार्थी मीच आहे. उत्तरं माझी स्वतःची आहेत. खाली एक चौकोन, त्यात टिक करायची. मागच्या वेळी मी न वाचता केली होती.

माझा मामा गावोगाव पत्रकं वाटायचा. त्या पत्रकांवरच मी अक्षरं शिकलो. तो म्हणायचा, "सही करायच्या आधी वाच. आपल्याला न वाचता सही करायची सवय लावलीय." या वेळी मी वाचलं. दोनदा वाचलं. दत्ताचे एक्कावन्न खरे होते. माझ्या खोट्या शहाऐंशींनी त्याला ढ ठरवलं होतं.

मी उठलो. "साहेब, मी पेपर देणार नाही."

"का रे? बरं नाही का?"

"बरा आहे. पेपर स्वातीचा आहे. तिनं द्यावा."

ते हसले. "अरे, सगळेच करतात. इंटरनेटवर कोण बघतंय? यल्ला, चल, बस. वेळ चाललाय."

"मी बघतोय."

हसू गेलं. "पुढच्या महिन्यात तुझा व्हिसा रिन्यू व्हायचाय ना? सही कोण करतं?"

"तुम्ही."

"मग?"

"करा, नाहीतर करू नका. मी बसणार नाही."

"बाबा, नाऊ व्हॉट?" स्वाती घाबरली होती.

"नाऊ यू राइट," मी म्हणालो. "युअर ओन पेपर."

दोघंही माझ्याकडे बघत राहिली. त्या घरात पहिल्यांदाच.

कॅम्पात येऊन दत्ताला सगळं सांगितलं. तो कांदा चिरत होता. सुरी खाली ठेवली.

"म्हणजे मला हरवलंस तू, आणि वर पेढाही चारलास."

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. बरोबरच केलं त्यानं. पाचव्या दिवशी मी सायबर कॅफेत जाऊन कॉलेजला ईमेल पाठवला. मागचा पेपर परीक्षार्थीचा नव्हता, तो मी लिहिला होता. खाली माझं पूर्ण नाव. शिक्षा करायची तर मलाही करा, असं लिहिलं.

व्हिसा संपायला अकरा दिवस उरलेत. सही झालेली नाही. ऑफिसात सांगतात, माझं काम समाधानकारक नाही. तीन वर्षांत माझ्या नोंदीत एक खोकं चुकलेलं नाही.

हाकलायचं तर हाकला. पण कागदावर खरं कारण लिहा. यानं दुसऱ्याच्या नावानं परीक्षा द्यायला नकार दिला, एवढं लिहा.

ते लिहिणार नाहीत. म्हणून मी लिहून ठेवतोय. पुढे जिथे जाईन तिथे कुणी माझं डोकं उसनं मागायला आला, तर त्याला समोर बसवून हे वाचून दाखवीन. आणि कुणी आपलं डोकं विकायला निघाला, तर त्याला आधी.