भुलाबाई गेल्यावर

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे शिकवण्याच्या सरावासाठी मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या एका गावातली मराठी शाळा मिळाली, तेव्हा मी जरा जास्तच तयारी केली. पहिलीच्या पोरांना गाण्यांतून शिकवा, असं कॉलेजात सांगितलं होतं. पांढुर्ण्याहून बसने जाताना मी मोबाइलवर हिंदी बालगीतं ऐकून पाठ करायचे.

पोरं टाळ्या वाजवायची. एक मुलगी मात्र गप्प. हजेरीलाही नुसता हात वर करायची. तिची आई म्हणाली, "घरी तर हिचं तोंड बंद नाही होत, मॅडम. शाळेतच काय होते, कोन जाने." माझा सराव संपायच्या आत ती वर्गात बोलावी, एवढं मी मनाशी धरलं.

आमच्याकडे भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी डबा हलवून आतली खिरापत ओळखतात. मीही लहानपणी म्हटली होती. पण घरातलं गाणं शाळेत चालतं, असं मला वाटतच नव्हतं. तीच वर्गात घ्यावीत, हे सुचलं तेव्हा कोजागिरी तोंडावर आली होती.

मी डब्यात फुटाणे नेले. गाणं सुरू झालं तशी ती मुलगी पुढे सरकली. डबा कानाशी धरून हलवला आणि म्हणाली, "फुटाने." मग गाऊ लागली, तीही सगळ्यांच्या वर आवाज काढून. त्या आठवड्यात गाणं तीच सुरू करायची.

एकदा मोठे सर दारातून डोकावले. "पोरं गाऊन राहिले का भांडून राहिले, मॅडम?"

"गाऊन राहिले, सर."

"असं का? मग भांडतात तवा बरे असतात."

कोजागिरीनंतर शाळा भरली. मी पुन्हा डबा काढला, पण कोणीच गायलं नाही.

"भुलाबाई गेली नं आता, मॅडम," एक पोरगा मला समजावत म्हणाला. "गेल्यावर नसते म्हनत."

खरंच होतं. कोजागिरीनंतर ती गाणी मीही कधी म्हटली नव्हती. माझ्या आईला दुसरी गाणी विचारली, तर कापूस वेचतानाची तिला अर्धवट आठवली. ती नेली, माझी बालगीतंही पुन्हा काढली. पोरं गायली. ती मुलगी ऐकत बसायची आणि हजेरीला हात वर करायची.

शेवटच्या दिवशी मी तिच्याजवळ बसले. "पुढच्या भादव्यात वर्गात म्हणशील ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी येनार का तवा?"

नाही, असं सरळ सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "पाहू."

मी बसस्टँडवर आले. भादवा लागला तेव्हाच मला सुचलं असतं, तर तिला अख्खा महिना मिळाला असता.