कपाटातून गेलेले एक पाकीट

सेवेतली बरीच प्रकरणे विसरलो. या एका प्रकरणाची मात्र अजून लाज वाटते, म्हणून आज सांगून टाकतो.

मी निपाणीकडचा. घरी मराठी, खात्यात कन्नड. नव्वदच्या दशकात बेंगळुरूजवळ होसकोटे रस्त्याकडच्या एका ठाण्यात सबइन्स्पेक्टर होतो. जवळच्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य एका सकाळी स्वतः तक्रार घेऊन आले. ते कॉलेज प्रवेश देताना मुलांची मूळ मार्क्स कार्डे, म्हणजे गुणपत्रिका, पाकिटात घालून ठेवून घेई आणि चार वर्षांनी परत देई. त्या पाकिटांचे कपाट कोणीतरी उघडले होते, दोनचार गठ्ठे विस्कटले होते. काय गेले ते सगळी पाकिटे रजिस्टरशी ताडल्याशिवाय कळणार नव्हते.

कुलूप शाबूत होते. कॉलेजच्या शिपायाला तासभर दरडावल्यावर त्याने कबूल केले की किल्ली दिवसभर कपाटालाच लटकत असते. गठ्ठ्यांवर निळे डाग होते. शाई असेल म्हणून मी सोडून दिले. तेव्हा बनावट मार्क्स कार्डांचा धंदा जोरात होता. मला टोळीचा वास आला आणि बढतीचाही. आसपासच्या झेरॉक्सवाल्यांना सांगून ठेवले.

दुसऱ्याच दिवशी एकाने खबर दिली. गळ्यात टेप असलेला एक माणूस मार्क्स कार्डाच्या तीन प्रती काढून गेला, बोटे खडूने निळी होती. शिपायाला विचारले तर म्हणाला, हो, आम्हा शिपायांच्या गणवेशाची मापे घ्यायला टेलर आला होता ना. गठ्ठ्यांवरचे निळे डाग तेव्हा माझ्या डोक्यात शिरले. दुपारी त्याला ठाण्यात आणला.

पन्नाशीचा माणूस, चार पिढ्या बेंगळुरूत काढलेल्या मराठी शिंप्याच्या घरातला. टेबलावर माझ्या नावाची पाटी होती. ती वाचून त्याचा चेहरा सैल पडला.

"साहेब, तुम्ही आपलेच. स्वल्प ऐकून घ्या," तो म्हणाला.

"मराठी बेड, मराठी नको. कन्नडमध्ये बोल," मी कन्नडमध्येच दरडावले. आपला माणूस म्हणून सोडला असे हवालदारांनी म्हणू नये, एवढीच तेव्हा काळजी.

त्याने सगळे सांगितले, काही कन्नडमध्ये, काही न राहवून मराठीत. दोनातले एक मशीन विकून मुलीची पहिल्या वर्षाची फी भरली होती. दुसऱ्या वर्षी फी जवळपास दुप्पट झाली. मुलीने कॉलेज सोडले, बारावीच्या गुणांवर सरकारी कारकुनाची परीक्षा दिली आणि निवडली गेली. सोमवारी मूळ कागद दाखवायचे होते. कॉलेज म्हणत होते, उरलेल्या तिन्ही वर्षांची फी भरा, मग पाकीट न्या.

"न शिकलेल्या वर्षांची फी कशी भरू, साहेब? इंजिनिअर होऊन तरी नोकरीच शोधायची ना? ती आत्ता लागलीय. आणि कार्डावर नाव माझ्या मुलीचं आहे. मी कुणाचं काय चोरलं?"

मी आवाज चढवला. उत्तर नसले की पोलीस हेच करतो.

संध्याकाळी पंच घेऊन त्याच्या घरी गेलो. मुलगी सोमवारसाठी साडीला इस्त्री करत होती. तिने ट्रंकेतून पाकीट काढून स्वतःच माझ्या हातात दिले.

"सोमवारी तुमचा माणूस बरोबर पाठवा, अण्णा. दाखवते आणि त्याच्याकडेच परत देते."

एक हवालदार पाठवणे काहीच अवघड नव्हते. प्राचार्यांना बोलावून 'मुलीचे कागद अडवायचा तुम्हाला काय अधिकार' असे विचारणेही माझ्या हातात होते. मी पंचनामा केला, पाकिटाला लाखेचे सील लावले आणि मुद्देमाल म्हणून जमा केले.

का, तेही सांगतो. माझ्या मुलाला बारावीत जेमतेम गुण होते. त्याच कॉलेजात त्याला डोनेशनशिवाय सीट देण्याचा शब्द प्राचार्यांनी मला दिला होता. जिच्याकडे गुण होते तिचे मी सील करून ठेवले, आणि ज्याच्याकडे नव्हते त्याची सोय केली.

न्यायाधीशांनी पहिल्याच तारखेला मला झापले, पाकीट मुलीला परत दिले. पुढे टेलरही सुटला. पण ती तारीख सोमवारनंतर चार महिन्यांनी आली होती. जागा दुसऱ्याला गेली होती. माझ्या मुलाने इंजिनिअरिंग सहा वर्षांत कसेबसे संपवले, आता मारतहळ्ळीला मेव्हण्याच्या दुकानात बसतो. पदवीची फ्रेम आमच्या हॉलमध्ये आहे. पाहुणे कौतुक करतात तेव्हा मी चहा सांगायच्या निमित्ताने आत जातो.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच: लाच नोटांतच घेतली जाते असे नाही, आणि कायद्यावर बोट ठेवणारा माणूस त्याच वेळी कायदा विकतही असतो.

निवृत्तीनंतर एकदा धीर करून त्या टेलरच्या दुकानात गेलो. एकच मशीन होते. त्याने मला ओळखले. मी मराठीत म्हणालो, "माझं चुकलं. मुलगी कुठे असते आता?"

त्याने गळ्यातला टेप काढला, सरळ केला आणि अगदी आदराने कन्नडमध्ये विचारले, माप घ्यायचे आहे का, सर?