वैशाखातला सोलेभात

धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी वीस वर्षं नर्स होते. गुडघे गेले तेव्हा मला खुर्ची आणि फोन मिळाला. आता मी मधुमेहाच्या पेशंटना आठवड्यातून एकदा फोन करते. प्रश्न ठरलेले. सकाळची साखर किती, इन्सुलिन किती घेतलं, कालपासून काय काय खाल्लं. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण पेढा नाहीतर बुंदी लपवतात. आवाजावरून कळतं.

कुहीकडच्या एका गावातले काकाजी काहीच लपवत नसत. बायको दिवाळीच्या सुमारास गेलेली, मुलंबाळं नाहीत, मंगळवारी सव्वाअकराला फोन पहिल्याच घंटीला उचलत. "काल सोलेभात होता मॅडम. वरून लसणाचं कढवलेलं तेल. सोबत चन्याच्या पाल्याची भाजी, ज्वारीचं पीठ पेरलेली."

"तेल किती?"

"आता तेल का मोजून घेते माणूस?"

मी रागवायचे आणि लिहून घ्यायचे. त्यांच्यानंतर दुसरा फोन लावायच्या आधी मी डबा उघडत असे. दोन पोळ्या, फ्लॉवर. मुलगी बंगळुरूला गेल्यापासून मी एकटीपुरताच स्वयंपाक करते, आणि एकटीपुरता सोलेभात कोणी करत नाही.

उन्हाळा लागला तशी त्यांची साखर खाली येऊ लागली. सत्तर, मग चौसष्ट. एवढं जेवणाऱ्या माणसाची साखर उतरायला नको. डॉक्टरांनी इन्सुलिन दोनदा कमी केलं, तरी तेच. मीटर बिघडलं असेल म्हणून नवं पाठवलं.

वैशाखातल्या एका मंगळवारी काकाजींचे शब्द जड येत होते. साखर अठ्ठावन्न म्हणाले. मी फोन चालू ठेवायला लावून त्यांना तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला लावली. पाव तासाने पुन्हा मोजायला लावली. आवाज जागेवर आला, तेव्हा ठरलेला प्रश्न विचारला.

"सोलेभात," ते म्हणाले.

मी लिहिलंही. मग पेन थांबलं. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे, ते थंडीत येतात. बाहेर सेहेचाळीस डिग्री ऊन होतं.

"काकाजी, सोले कुठून आणले?"



"तुम्ही विचारता, काय खाल्लं. दुसरं कोणी विचारत नाही," ते म्हणाले. "काही नाही खाल्लं, असं किती दिवस सांगू? मग ती होती तवाचं सांगतलं."

चहा आणि टोस्ट. अनेक दिवस रात्री तेवढंच. त्यावर इन्सुलिन वेळच्या वेळी. मी वीस वर्षं नर्स, आणि मला पत्ता नव्हता. साखर पुन्हा अशीच उतरली आणि जवळ फोन नसला तर ते उठणार नाहीत, एवढं सरळ होतं.

डॉक्टरांना त्याच दुपारी सांगितलं, डोस बदलून घेतला. मग भिंतीपलीकडे राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोला फोन लावला.

"ताट रोज देतो म्हटलं असतं जी," ती म्हणाली, "पण भासरे आहेत, नवऱ्याचे मोठे भाऊ. मी तर त्यांच्यासमोर बोलत नाही. जेवले काहून नाही, असं कसं विचारू?"

"तू बोलू नको वं. ताट ठेव आणि मला मिस्ड कॉल दे. विचारायचं काम माझं."

महिनाभर तसंच चाललं. तिचा मिस्ड कॉल आला की मी काकाजींना लावायची. "ताट आलं?" "आलं." "मग जेवा, मी आहे फोनवर." ते जेवत, मी तोवर कागद भरायची. साखर हळूहळू ठिकाणावर आली. पुढे मिस्ड कॉलची गरज उरली नाही, मंगळवारचा एक फोन पुरू लागला.

आता ते खरं सांगत. पोळ्या दोन, वरण, दोडका. पुन्हा दोडका. कामाच्या दृष्टीने उत्तम. मी मात्र दर मंगळवारी पुढच्या वाक्याची वाट बघायची आणि ते यायचं नाही. जिला मी कधी पाहिलं नाही, त्या गेलेल्या बाईच्या हातचं जेवण माझंही सुटलं होतं.

गेल्या पौषात त्यांनी सांगितलं, "काल सोलेभात होता. धाकट्याच्या बायकोनं केला."

एक वाटी, मी लिहिलं. "आणि वरून?"

"काही नाही. तेल तुम्हीच बंद केलं ना जी."

"एक चमचा चालतो," मी म्हणाले. "लसूण लाल होऊ द्यायचा का?"

"लाल नाही. बायको बदामी झाला का उतरवे. आणि मिरची मोडून टाके, कापून नाही."

रकान्यात जागा नव्हती. कागद उलटा केला आणि म्हटलं, "हळू सांगा."