झेंडूचा हार आणि स्वतः थांबणारी गाडी

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार पुरुष जमतात आणि जगातल्या सगळ्या गाड्यांचा निकाल लावतात. आमचे हे त्यातलेच एक. चहा माझ्या घरून जायचा. डिझेल ते डिझेल, पेट्रोलला दम नाही, सनरूफ म्हणजे नुसती थेरं, टॉर्क बघा टॉर्क! एकाने उभ्या जन्मात ट्रकच्या केबिनमध्ये पाय ठेवलेला नाही, पण ट्रकला एसी दिल्यामुळे ड्रायव्हर झोपतात, हे त्याचं ठाम मत. मे महिन्यात कसारा घाटात बसवा याला त्या इंजिनाशेजारी, असं दर वेळी ओठांवर यायचं. मी कप उचलून वर यायचे.

माझ्या पिकअपवरही त्यांची मतं होतीच. "वहिनी, याला गाडी नाही, डबा म्हणतात." पॉवर स्टिअरिंग नाही, काच हाताने फिरवायची, एसीचं तर नावच नको. असू दे. मखमलाबादच्या माझ्या नर्सरीतली रोपं, पिंपळगावहून येणारं खत, सगळं त्या डब्यानेच वाहिलं. तो घेण्याआधी मी टेम्पोवाल्यांच्या विनवण्या करायचे. "ताई, आज नाय जमणार," म्हणून ते फोन ठेवायचे आणि उन्हात गुलाबाची रोपं माना टाकायची. ते दिवस मला पुन्हा नको होते.

मग ह्यांनी मोठी गाडी घेतली. आमच्याकडे एका फ्लॅटला पार्किंगची एकच जागा. तेव्हा पिकअप विकायची, असं त्या चौघांनी मिळून ठरवलं. मला कुणी विचारलं? छे! दसरा झाला की गिऱ्हाईक येणार, एवढं मला जेवताना सांगण्यात आलं.

"आणि माझ्या नर्सरीचं काय?"

"टेम्पो मिळतात की," हे म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

मी ताटावरून उठले.

दसऱ्याला दोन्ही गाड्या धुतल्या. हार मीच ओवले. नव्या गाडीला मनगटाएवढा जाड हवा होता, मध्ये आंब्याचे डहाळे घातलेला. ह्यांनी तो गाडीच्या नाकावर, बरोबर कंपनीच्या चकचकीत चिन्हावर आडवा बांधला. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. चौघेही जाम खूश होते.

मी पिकअपच्या हौद्यात चढून आपट्याची रोपं एका कडेला लावत होते. तेवढ्यात एकाला हुक्की आली. नव्या गाडीसमोर काही आलं की ती आपोआप ब्रेक लावते, हे कौतुक घेतल्यापासून चाललं होतं. "ते एकदा दाखव ना यार!" दुसरा रिकामा खोका शोधायला लागला. तिसरा म्हणाला, "खोका कशाला? पिकअप उभी आहे की. विकायचीच आहे ती."

ह्यांनी गाडी मागे घेतली आणि पिकअपच्या रोखाने वळवली.

"अहो, मी आहे इथे वर! डोकं फिरलंय का तुमचं?"

ह्यांनी काच खाली केली. हसत होते. "अगं, थांब तिथेच. ती स्वतः थांबते. बघ तर!"

ती थांबली नाही. धाडकन आवाज झाला आणि मी कुंड्यांवर आपटले, उजव्या हातावर. मनगट मोडलं हे मला त्याच क्षणी कळलं.

चौघे धावले. गाडीकडे! गुडघे टेकून बंपर बघायला लागले. "हल्ली सगळं प्लास्टिकच रे." "हेडलाइट वाचला, नशीब." "जुना पत्रा बघ, साधा पोचासुद्धा नाही." मी वर पडलेले, तोंडात माती, आणि खाली बंपरवर चर्चासत्र!

"मेल्यांनो, माझा हात मोडलाय!" मी बोंबलले, तेव्हा कुठे माना वर झाल्या.

पुढचं बघणारा सेन्सर त्या चिन्हाच्या मागेच असतो आणि हाराने तो झाकला गेला होता, हे नंतर मेकॅनिकने सांगितलं. गाडी आतून टुणटुण वाजवून तेच सांगत होती म्हणे. ऐकतो कोण? त्यावरही चौघांचं मत तयार होतं. सेन्सर जरा वर बसवायला हवा होता. माझा हात प्लास्टरमध्ये, आणि चूक सेन्सरच्या जागेची!

दिवाळी तोंडावर आली होती. ह्यांनी टेम्पोसाठी फोन लावले. लावा म्हटलं, मिळतात की! एकही मिळाला नाही. शेवटी ह्यांनाच पिकअप चालवावी लागली. मी शेजारी बसले. मखमलाबादच्या वळणावर दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढताना हे घामाघूम झाले.

"कसली जड आहे गं ही! तू रोज कशी चालवतेस?"

इतकी वर्षं या गाडीवर मतं ऐकली, हा प्रश्न कुणी केला नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं. उलट तळपायाची आग मस्तकात गेली. "हात मोडल्यावर विचारताय?" मी म्हणाले.

संध्याकाळी परतलो तेव्हा गेटवर गिऱ्हाईक उभं होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"विकायची नाही," मी पिकअपच्या खिडकीतूनच त्याला सांगितलं. ह्यांनी मुकाट्याने पिकअप आत नेली आणि आमच्या जागेत लावली.

नवी गाडी आता बाहेर रस्त्यावर असते, उंबराखाली. पाखरं तिच्यावर काय करतात ते सांगायला नको. रविवारी चौघे अजून जमतात. चहा मी बंद केलाय.