धुळ्यात एका उडीला मिळालेली शाल

नाही, मी स्टेजवर चढून भांडलो नाही. बसल्या जागेवरून फक्त विचारलं.

आमची नात कोमल विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारते. मागच्या वर्षी धुळ्याच्या एका घराने तिला त्याच्यावरून नकार दिला. पोराचा बाप म्हणाला, "नाना, असली सून आम्हाला नको." पोरगी आठ दिवस धड जेवली नाही. मी ते विसरलो नाही.

आज दुपारी धुळ्यात समाजाच्या कार्यक्रमात त्याच पोराला शाल-नारळ. बाप माईकवर सांगतो, "आमचा पोरगा लायसनवाला स्कायडायव्हर झाला."

मी पोराला म्हटलं, "कोनतं लायसन शे रे भाऊ? पंचवीस उड्या झाल्यावर ए, पन्नासला बी, दोनशेला सी, पाचशेला डी. वर परीक्षा वेगळी. तुझ्या किती झाल्या?"

पोरगा खाली बघून म्हणाला, "एकच, नाना. शिकवणाऱ्या सरांच्या पोटाला बांधून मारली."

बठ्ठा हॉल, एकूण एक माणूस हसला. कोमलची उड्या लिहायची वही मी आमच्या पिंप्राळ्याहून मुद्दाम पिशवीत नेली होती. ती बापाच्या हातात दिली. त्रेपन्न उड्या, प्रत्येकीपुढे तिच्या सरांची सही. म्हटलं, "मोजा. सगळ्या एकटीच्या आहेत."

घरी पोचलो तर त्या बापाचाच फोन, परत बोलणी करू म्हणतो. कोमलला विचारलं. ती म्हणाली, "कट करा."

केला. माझं चुकलं का, ते तुम्ही ठरवा. मी आता याच्यावर एक शब्द बोलणार नाही.